सामान न्यायला माणूस दारात येतो तेव्हा पैसे कसे घ्यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका ताईंचं कुटुंब कायमचं पुण्याला परत चाललंय. ईबे या ऑनलाइन बाजारातल्या लिलावात त्यांचं ओकचं जेवणाचं टेबल खुर्च्यांसकट ३४० पौंडांना गेलं आणि कॅमेऱ्याची मोठी लेन्स ६२० पौंडांना. दोन्ही खरेदीदार म्हणतात, पोस्टाने नको, येऊन घेऊन जातो. टेबलवाला आल्यावर रोख देणार आहे. लेन्सवाल्याला ईबेबाहेर, पेपॅल या ऑनलाइन पैसे पाठवायच्या सेवेने, आजच पैसे टाकायचेत आणि शनिवारी त्याचा भाऊ येऊन लेन्स नेणार आहे. शिवाय पुण्यात सासू-सासऱ्यांना जुना फ्रिज आणि वॉशिंग मशीन ओएलएक्सवर काढायचंय. ताईंचं म्हणणं, "पेपॅलवाला आधीच पैसे देतोय म्हणजे तोच जास्त भरवशाचा ना?"

नाही. टेबलवाल्याची फारशी काळजी करू नका. लेन्सवाल्याला आहे त्या अटींवर लेन्स देऊ नका. मी इंग्लंडमध्ये कार्ड आणि ऑनलाइन पेमेंटच्या तक्रारी हाताळणाऱ्या खात्यात बरीच वर्षं काम करते आहे आणि घरातलं जुनं सामान स्वतःही विकत असते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

विकणारा माणूस पैसे आले की निर्धास्त होतो. आमच्या टेबलावर येणाऱ्या तक्रारींत पैसे आलेलेच असतात. वस्तू गेल्यावर काही दिवसांनी ते परत खेचले जातात, आणि तेव्हा विक्रेत्याकडे दाखवायला काही नसतं. वस्तू कुरिअरने पाठवली असती तर तिसऱ्या कुणाकडे तरी नोंद राहिली असती: अमुक पत्त्यावर, अमुक वेळी पोचली. दारात हातोहात दिली की ती नोंद होत नाही. राहतं ते तुमचं म्हणणं आणि त्याचं म्हणणं. म्हणून पैसे कसे घ्यायचे हे ठरवताना दोन गोष्टी बघायच्या: हे पैसे उलटे फिरवता येतात का, आणि येत असतील तर वस्तू दिल्याचा कोणता पुरावा त्या यंत्रणेला मान्य आहे.

आता पेपॅल. त्याचं विक्रेता संरक्षण आहे, पण त्याची मुख्य अट अशी की वस्तू व्यवहाराच्या तपशिलात दिसणाऱ्या पत्त्यावर पाठवलेली हवी आणि पोचल्याचा पुरावा हवा. समोरासमोर दिलेल्या वस्तूला ते संरक्षण मिळत नाही. पेपॅलच्याच वस्तू-खरेदीच्या क्यूआर कोडने तिथल्या तिथे पैसे घेतले तर गोष्ट वेगळी, पण घरगुती विक्रेते तसं सहसा करत नाहीत. खरेदीदाराला मात्र "वस्तू मिळालीच नाही" म्हणायला पैसे दिल्यापासून १८० दिवस मिळतात. म्हणजे तुम्ही पुण्यात जाऊन मुलांच्या शाळा सुरू झाल्या तरी तक्रार येऊ शकते. तेव्हा पेपॅल तुमच्याकडे ट्रॅकिंग नंबर मागणार, आणि तो तुमच्याकडे नसणार.

काही जण यावर तोडगा सांगतात की "फ्रेंड्स अँड फॅमिली" (ओळखीच्यांना पैसे पाठवण्याचा पेपॅलचा पर्याय) म्हणून पैसे घ्यावेत, मग खरेदीदाराला तक्रारच करता येत नाही. हे अर्धंच खरं आहे. "वस्तू मिळाली नाही" ही तक्रार तिथे चालत नाही. पण ज्याच्या खात्यातून पैसे आले तो माणूसच जर म्हणाला, "हा व्यवहार मी केलेलाच नाही, माझं खातं कुणीतरी उघडलं," तर ते पैसेही परत जाऊ शकतात. ब्रिटनच्या २०१७ च्या पेमेंट सर्व्हिसेस नियमांप्रमाणे विनापरवानगी व्यवहाराची तक्रार करायला १३ महिन्यांपर्यंत मुदत असते. शिवाय विक्रीचे पैसे त्या मार्गाने घेणं पेपॅलच्या नियमात बसत नाही, त्यामुळे वाद झाला की तुमची बाजू आधीच लंगडी.

तुमच्या लेन्सच्या बाबतीत हीच शक्यता जास्त आहे. खरेदीदार नंतर खोटं बोलेल एवढीच भीती नसते. कित्येकदा पैसे ज्याचे असतात त्याला तुमच्या लेन्सचा पत्ताच नसतो. चोराच्या हाती कुणाचं तरी पेपॅल खातं किंवा कार्ड लागलेलं असतं. ते वापरून तो वस्तू विकत घेतो. पोस्टाने मागवली तर पत्ता द्यावा लागतो, म्हणून तो माणूस पाठवतो: भाऊ, पुतण्या, मित्र, टॅक्सीवाला. महिनाभराने खात्याचा खरा मालक स्टेटमेंट बघतो आणि तक्रार करतो. तो खोटं बोलत नसतो.

अशाच एका प्रकरणात मनगटी घड्याळ विकलेल्या एका गृहस्थांनी फार काळजी घेतली होती. न्यायला आलेल्या तरुणाचा घड्याळ हातात घेतलेला फोटो काढला, त्याच्याकडून "मिळालं" असं लिहून घेतलं, तारीख घातली, सही घेतली. तक्रार आल्यावर हे सगळं त्यांनी पाठवून दिलं. फोटो स्वच्छ होता, पण खात्याच्या मालक होत्या साठीतल्या बाई. घड्याळ मालकिणीखेरीज दुसऱ्याच कुणीतरी नेलं, एवढंच त्या फोटोने सिद्ध झालं. पैसे गेले. फोटो पुढे पोलिसांच्या कामाचा होता, गृहस्थांच्या नव्हता.

म्हणून लेन्सवाल्याच्या निरोपातला प्रत्येक तुकडा वेगळा वाचा. पैसे ईबेबाहेर द्यायचेत: ईबेवर ठरलेला व्यवहार बाहेर उरकणं ईबेला मान्य नाही, आणि बाहेर गेलात की ईबे तुमच्यासाठी काहीही करणार नाही. स्वतः येणार नाही, भाऊ येईल: पैसे देणारा आणि नेणारा वेगळे. आजच देतो, लगेच देतो: घाई. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की लेन्स बुटाच्या खोक्यात मावते. ती विमा काढून, सहीने पोचवता येते. तेवढ्यासाठी शनिवारी माणूस गाडी घेऊन येतोय, तर का? येणारे प्रामाणिकही असतात, महागडी काच हाताळून बघायची असते, पोस्टावर विश्वास नसतो. पण असा माणूस सहसा स्वतः येतो आणि सोबत आपला कॅमेरा आणतो.

टेबलाचं उलटं आहे. टेबल न्यायला यावंच लागतं, दुसरा मार्ग नाही. आणि चोराला ओकचं टेबल नको असतं. त्याला दुसऱ्या दिवशी विकता येईल असं हवं: फोन, लॅपटॉप, लेन्स, घड्याळ, सोनं, इलेक्ट्रिक सायकल. व्हॅन भाड्याने घेऊन, दोन माणसं लावून, जिन्यातून टेबल उतरवण्याचा उद्योग करणारा भामटा मी तरी पाहिला नाही. "येऊन नेतो" म्हणणाऱ्या सगळ्यांकडे एकाच नजरेने बघू नका. वस्तू किती छोटी, किती महाग आणि किती पटकन विकली जाणारी, त्यावर संशयाची मात्रा ठरवा.

मग लेन्ससाठी योग्य मार्ग कोणता? ईबेच्या आतच पैसे घेणं आणि कोड स्कॅन करणं. पूर्वी ईबे आणि पेपॅल एकच घर होतं. ईबेने २००२ मध्ये पेपॅल विकत घेतलं आणि २०१५ मध्ये वेगळं केलं. पुढे ईबेने पैशांचा सगळा कारभार स्वतःकडे घेतला. त्यामुळे जुन्या लोकांनी दिलेला "पेपॅल घे, बिनधास्त राहा" हा सल्ला आता दोन पिढ्या जुना झालाय. आज खरेदीदार ईबेच्या चेकआउटमध्ये पैसे देतो, तिथे तो पेपॅल वापरू दे नाहीतर कार्ड. मग येऊन नेण्याच्या ऑर्डरमध्ये त्याला एक क्यूआर कोड आणि सहा आकडी कोड मिळतो. तो दारात आला की तुम्ही ईबेच्या ॲपमध्ये ती ऑर्डर उघडून त्याचा कोड स्कॅन करायचा किंवा सहा आकडे टाकायचे. तुमच्या ॲपमध्ये वस्तू नेल्याची नोंद झाली, की कुरिअरच्या पावतीच्या जागी ही नोंद धरली जाते. "मिळालंच नाही" अशी तक्रार आली तर ईबे हीच बघतं.

बरेच विक्रेते हा कोड घेतच नाहीत. माणूस चांगला बोलतो, पाऊस पडत असतो, गाडी डबल पिवळ्या रेघेवर उभी असते, आणि "ते कोडाचं राहू दे" होतं. राहू देऊ नका. लेन्स टेबलावर तुमच्या बाजूला ठेवा, तो बघेल, लावून बघेल, समाधान झालं की कोड, आणि नोंद झाल्यावर लेन्स त्याच्या पिशवीत. हाच क्रम. त्याने मेसेजमध्ये आधीच कोड पाठवून दिला तरी दारात पुन्हा मागा. चोरलेल्या खात्याचा कोडही चोर दाखवू शकतो, हे मला माहीत आहे. पण ईबेच्या आत झालेल्या आणि कोड नोंदवलेल्या व्यवहारात तुमच्याकडे निदान दाखवायला काहीतरी असतं. बाहेरच्या पेपॅलमध्ये तेवढंही नसतं.

कोडाने एक गोष्ट मात्र थांबत नाही. "सांगितल्याप्रमाणे निघाली नाही" असं म्हणून खरेदीदार वस्तू परत करू शकतो, आणि परत येणारी लेन्स तुमचीच असेल याची खात्री नसते. स्वतःची बुरशी लागलेली जुनी लेन्स परत पाठवून तुमची चांगली ठेवून घेण्याचा प्रकार कॅमेऱ्यांच्या बाजारात होतो. तेव्हा आज रात्री शांतपणे बसून लेन्सच्या नळीवर किंवा माउंटवर (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावर) कोरलेल्या अनुक्रमांकाचा जवळून फोटो काढा. पुढची-मागची काच आडव्या उजेडात धरून फोटो घ्या, म्हणजे ओरखडे, धूळ, बुरशी जे असेल-नसेल ते दिसेल. तो अनुक्रमांक ईबेच्या मेसेजमध्येच खरेदीदाराला पाठवा: "ही लेन्स, हा क्रमांक, येताना कॅमेरा आणा, बघून घ्या." निरोप व्हॉट्सॲपवर नको. वाद झाला तर ईबेला स्वतःच्या पानावरचे मेसेज दिसतात, तुमचं व्हॉट्सॲप दिसत नाही. "जशी आहे तशी" असं लिहिलं की सुटलो, असंही समजू नका. इंग्लंडमध्ये खाजगी विक्रीतही वस्तू वर्णनाप्रमाणे असावीच लागते. दोष असेल तर तो लिहा. लिहिलेला दोष हेच तुमचं खरं संरक्षण.

बँक ट्रान्सफरबद्दल ताईंनी विचारलं नाही, पण टेबलवाला ऐन वेळी "एटीएम बंद होतं, ट्रान्सफर करतो" म्हणणार, म्हणून सांगते. ब्रिटनमधली फास्टर पेमेंट्स ही व्यवस्था २००८ पासून आहे. पैसे बहुतेक वेळा काही सेकंदांत येतात आणि आल्यावर देणाऱ्याला सहज परत खेचता येत नाहीत. त्यामुळे दारातल्या व्यवहाराला हा मार्ग चांगला, पण ईबेच्या ऑर्डरला तो चालतो का ते आधी बघून, आणि तीन अटींवर.

पहिली अट, पैसे तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये, तुमच्या फोनवर दिसले पाहिजेत. त्याच्या फोनवरचं काहीही बघू नका. खोटी बँकिंग ॲप्स असतात. त्यात तुमचं नाव, सॉर्ट कोड, रक्कम टाकली की चक्र फिरतं, हिरवी खूण येते, "पेमेंट पाठवलं" लिहून येतं, वर बँकेचा रंग आणि चिन्ह अगदी हुबेहूब. पाठवलेलं काही नसतं. मग तो म्हणतो, "बँकेकडून थोडा उशीर होतोय, दोन तासांत येतील, हा बघा स्क्रीनशॉट." दोन तास असतील तर दोन तासांनी या, चहा घेऊन या. टेबल कुठे पळून जात नाही.

खऱ्या माणसाचे पैसेही अडकतात, हेही लक्षात घ्या. नव्या खात्यावर पहिल्यांदाच मोठी रक्कम जात असेल तर बँक तपासणीसाठी थांबवते. ऑक्टोबर २०२४ पासून फसवणुकीचा सबळ संशय असेल तर पाठवणाऱ्याच्या बँकेला चार कामकाजी दिवसांपर्यंत पैसे रोखता येतात. म्हणून आदल्या दिवशी त्याला एक पौंड पाठवायला सांगा. त्याच्या बँकेत तुमचं खातं नोंदलं जातं, नाव जुळतं की नाही तेही त्याला दिसतं, आणि शनिवारी उरलेले ३३९ पौंड बहुधा न अडता येतात.

दुसरी अट, पैसे कुणाच्या नावावरून आले ते बघा. भामटा तुमच्याच लेन्सचे फोटो चोरून दुसरीकडे, समजा फेसबुक मार्केटप्लेसवर, स्वतःची म्हणून जाहिरात टाकतो. तिथे एक भोळा गिऱ्हाईक मिळतो. त्याला भामटा तुमचा खाते क्रमांक देतो. गिऱ्हाईक तुम्हाला पैसे पाठवतो, भामटा तुमच्या दारातून लेन्स नेतो, आणि गिऱ्हाइकाला काहीच मिळत नाही. आता पोलिसांकडे आणि बँकेकडे नाव जातं तुमचं, कारण पैसे तुमच्या खात्यात आलेत. ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये अशा फसवणुकीत पैसे पाठवणाऱ्याला बँकांनी भरपाई देण्याची सक्ती आहे, ८५,००० पौंडांपर्यंत, आणि तो भार दोन्ही बँका वाटून घेतात. मग तुमची बँक तुमच्या खात्याकडे बघणारच. दारातल्या माणसाचं नाव आणि स्टेटमेंटवरचं नाव वेगळं असेल तर वस्तू द्यायची नाही, पैसे आल्या मार्गाने बँकेला सांगून परत. ड्रायव्हिंग लायसन्स दाखवा म्हणायला संकोच करू नका. खरा माणूस दाखवतो.

इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक बाजूची गोष्ट. कुणी म्हणालं, "तुझ्या खात्यात पैसे येऊ दे, थोडे तू ठेव, बाकी पुढे पाठव," तर सरळ "नाही" म्हणायचं. सिफास या फसवणूक-प्रतिबंध संस्थेच्या नोंदीत नाव गेलं की ते सहा वर्षं राहतं. खातं बंद होतं, दुसरं उघडत नाही, मोबाइलचा करारसुद्धा मिळायला त्रास होतो.

तिसरी अट छोटी आहे: ठरल्यापेक्षा जास्त पैसे आले तर फरक परत करू नका. "चुकून ९२० गेले, ३०० माझ्या ड्रायव्हरला द्या" ही फार जुनी चाल आहे. आलेले ९२० नंतर जातात आणि तुमचे ३०० जातात ते वेगळेच. पेपॅलच्या नावाने येणारी "पैसे राखून ठेवले आहेत, कुरिअरचे पैसे भरल्यावर सोडू" ही ईमेल त्याच कुळातली. तसं काही पेपॅल करत नाही. ईमेलमधल्या दुव्यावर न जाता स्वतः ॲप उघडून शिल्लक बघा.

चेक कुणी देऊ केला तर घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण टेबल त्याच दिवशी देऊ नका. आता चेकची प्रतिमा पाठवून वटवणूक होते. आज भरला तर पुढच्या कामकाजी दिवसाच्या अखेरपर्यंत निकाल लागतो. तोवर थांबा.

आता रोख. ३४० पौंडांसाठी रोख हा सगळ्यात स्वच्छ मार्ग, अर्थात ईबेने त्या ऑर्डरला रोखीचा पर्याय दिलेला असेल तर. ईबेचे हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून तुमच्या ऑर्डरचं पान बघून घ्या. रोखीच्या व्यवहाराला ईबेची पैसे-परत हमी लागू होत नाही, म्हणजे उलटं फिरवण्याचा प्रश्नच नाही. उरतो तो खोट्या नोटांचा.

नोटा घाईत मोजू नका. त्याला सांगा, जरा बसा, मी मोजते. हल्लीच्या सगळ्या नोटा पॉलिमरच्या आहेत. वीस आणि पन्नासच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनात राहिलेल्या नाहीत. कुणी जुनी कागदी वीसची दिली तर ती दुकानात चालणार नाही, बँकेच्या चकरा तुमच्या नशिबी. पॉलिमरच्या वीसच्या नोटेवर मोठी पारदर्शक खिडकी असते, तिचा धातूचा वर्ख पुढून सोनेरी-निळा आणि मागून रुपेरी. नोट कलती केली की चमकणाऱ्या पट्टीतला "ट्वेंटी" हा शब्द बदलून "पाउंड्स" होतो. "बँक ऑफ इंग्लंड" या अक्षरांवरून अंगठा फिरवला की छपाई उंच लागते. खोट्या नोटेत खिडकी असते, पण बदलणारे शब्द बहुधा जमलेले नसतात. राणीच्या चित्राच्या नोटा चालतात, जून २०२४ पासून राजाच्या चित्राच्याही आल्यात. दोन्ही खऱ्या. स्कॉटलंडच्या बँकांच्या नोटाही खऱ्या असतात, पण तुम्हाला ओळखता येत नसतील तर "इंग्लंडच्या नोटा आणा" असं आधीच सांगून ठेवा. पन्नासच्या नको म्हणा. आणि त्याला हेही आठवण करा की एटीएममधून एका दिवसात काढायला मर्यादा असते. शुक्रवारी थोडे, शनिवारी थोडे काढ. नाहीतर ऐन वेळी "२५० आहेत, चालतील का?" सुरू होतं, आणि दोन माणसं टेबल उचलून उभी असताना नाही म्हणणं अवघड जातं. ते मुद्दामही करतात.

खोटी नोट हातात आली तर तिची भरपाई कुणी देत नाही, आणि खोटी आहे हे माहीत असून ती पुढे खपवणं गुन्हा आहे. ती पोलिसांकडे द्यावी लागते. मोठी रोकड घरात ठेवायची नसेल तर जवळच्या पोस्टात बहुतेक मोठ्या बँकांच्या खात्यात रोख भरता येते, शनिवारी सकाळीही.

टेबल न्यायला येतील तेव्हा एकट्या राहू नका. टेबल आधीच पुढच्या खोलीत किंवा गॅरेजमध्ये काढून ठेवा. घर रिकामं होतंय, सामान बांधलेलं दिसतंय, कुठे काय आहे हे परक्याला वरच्या मजल्यावर नेऊन दाखवायची गरज नाही. लेन्ससाठी तर घरी बोलावूच नका. सुपरमार्केटच्या कॅफेत भेटा, तिथे सीसीटीव्ही असतात. कोड स्कॅन व्हायला फोनला रेंज असेल अशी जागा बघा.

गाडीही विकायची असेल तर वरचं सगळं लागू आहेच. त्यात एकच भर: इंजिन बघायला दोन माणसं आली आणि एकाने तुम्हाला गप्पांत गुंतवलं, तर दुसऱ्यावर लक्ष ठेवा. शीतक द्रवाच्या टाकीत तेल ओतून "हेड गॅस्केट गेलंय" (म्हणजे इंजिनात मोठा बिघाड आहे) म्हणत भाव पाडणाऱ्या टोळ्या आहेत. पैसे खात्यात दिसल्यावरच किल्ली द्या, व्ही-फाइव्ह-सी या गाडीच्या नोंदणीपत्रातली नव्या मालकाची हिरवी पावती तेवढी फाडून त्याला द्या, आणि गाडी दारातून हलायच्या आत डीव्हीएलएला (तिथल्या वाहन नोंदणी खात्याला) ऑनलाइन कळवा.

पुण्याचं प्रकरण निराळं. भारतात ईबेचा लिलाव रुजलाच नाही. ईबेने २००४ मध्ये बाझी डॉट कॉम विकत घेऊन दुकान मांडलं, २०१७ मध्ये ते फ्लिपकार्टकडे गेलं आणि २०१८ मध्ये फ्लिपकार्टने गुंडाळलं. ओएलएक्सवर बोली नसते, घासाघीस असते, आणि पैसे येतात यूपीआयने. यूपीआयने आलेले पैसे सहसा परत जात नाहीत, त्यामुळे तिथले चोर वेगळ्या वाटेने येतात: सासऱ्यांना पैसे देण्याच्या नावाखाली त्यांच्याकडूनच काढून घेतात.

फोन येतो. समोरचा सैन्यात किंवा सीआयएसएफमध्ये असतो, नुकतीच पुण्याला बदली झालेली असते, ओळखपत्राचा फोटोही पाठवतो. भाव करत नाही, हे लक्षात घ्या. जुन्या फ्रिजला पुण्यात घासाघीस न करता पैसे देणारा गिऱ्हाईक मिळत नाही. सामान न्यायला "युनिटची गाडी" येणार असते. मग म्हणतो, "काका, आमचे पैसे कार्यालयीन खात्यातून येतात, क्यूआर पाठवलाय, तो स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे तुमच्या खात्यात जमा होतील." विश्वास बसावा म्हणून आधी पाच-दहा रुपये खरोखर पाठवतो. पुढचा क्यूआर असतो आठ हजारांचा, आणि पिन टाकला की ते सासऱ्यांच्या खात्यातून जातात. "चुकलं काका, परत स्कॅन करा, दोन्ही मिळून येतील" म्हणून आणखी एकदा. माणसाने माणसाला पैसे मागण्याची यूपीआय विनंती १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण क्यूआरची युक्ती तेवढ्याने बंद होत नाही. स्क्रीन शेअर करणारं ॲप उतरवायला लावणं हा त्याचा पुढचा प्रकार.

सासऱ्यांना एवढंच सांगा: पैसे घ्यायला पिन लागत नाही, स्कॅन करावं लागत नाही. तो आपला क्यूआर स्कॅन करेल. आणि फ्रिज टेम्पोत चढायच्या आधी त्यांनी स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघायची. त्याच्या फोनवरची हिरवी खूण तिकडेही खोटी असते, आणि "आपल्या खात्यात २५,००० जमा" असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर तो बँकेचा नव्हे. जाहिरातीत नंबर सासऱ्यांचा न देता घरातल्या कुणा तरुण माणसाचा द्या, येणाऱ्याला संध्याकाळी बोलवा, शेजारच्यांना थांबवून घ्या. सोसायटीच्या वॉचमनच्या वहीत टेम्पोचा नंबर लिहिला जाईल हे बघा.

पैसे गेलेच तर पहिला तास महत्त्वाचा. भारतात १९३० या क्रमांकावर फोन करायचा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायची. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय पत्ता हे एका कागदावर लिहून मगच फोन लावावा, कारण पलीकडून तेच विचारतात. इंग्लंडमध्ये १५९ लावला की बहुतेक बँकांच्या फसवणूक विभागाकडे जोडून देतात.

आणि लेन्सवाल्याला आज ईबेवरूनच उत्तर द्या: पैसे ईबेच्या चेकआउटमध्ये, न्यायला स्वतः या, कोड आणि ओळखपत्र आणा, नाहीतर ईबेवरच्या तुमच्या पत्त्यावर विमा काढून पाठवते. खरा असेल तर यातलं काहीतरी मान्य करेल. उत्तरच आलं नाही, पैसे भरले नाहीत, तर चार दिवस थांबून ऑर्डर "खरेदीदाराने पैसे दिले नाहीत" या कारणाखाली रद्द करा आणि ज्याची बोली दुसऱ्या क्रमांकावर होती त्याला "सेकंड चान्स ऑफर" पाठवा.